नाशिकमध्ये दिव्यांग मूल वाढवताना : आधाराची माणसे आणि आधाराची दारे

मुलाच्या वाढीत काही वेगळे आहे असे डॉक्टरांनी सांगितले की घरात दोन धावपळी एकदम सुरू होतात, एक उपचारांची आणि दुसरी कागदांची. दोन्ही आवश्यकच आहेत. पण त्या गडबडीत घराभोवती माणसे उभी करण्याचे काम बहुतेक कुटुंबांत मागे पडते आणि दोन-तीन वर्षांनी आईची तब्येत आणि घरची शिल्लक एकदमच ढासळलेली दिसते. नाशिक शहरात आणि जिल्ह्यात अशा कुटुंबांबरोबर काम करताना मी हे इतक्या घरांत पाहिले आहे की नव्या पालकांना सुरुवातीलाच सांगते, थेरपी आणि कागद ही दोन्ही कामे बरोबरीने चालू ठेवा, आणि दोन्हींसाठी एकट्याने धावू नका. पुढचा क्रम त्याच बेताने लावला आहे. निदान मूल मोठे झाल्यावर झाले असेल, तर मधल्या पायरीपासून सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

पहिली पायरी : घरात आणि नात्यात सांगणे

निदान कळल्यावर पुष्कळ कुटुंबे कितीतरी महिने कोणालाच काही कळू देत नाहीत. मुलाला लग्नकार्याला नेले जात नाही, आई हळदीकुंकवाला जाणे सोडते, पाहुणे येणार म्हटले की मूल आतल्या खोलीत राहते. ज्या काळात मदतीची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच काळात मदत करू शकणाऱ्यांना काही ठाऊक नसते. म्हणून दोन्हीकडच्या आजी-आजोबांना आणि ज्यांच्याशी रोजचे येणे-जाणे आहे अशा दोन-चार घरांना पहिल्या महिन्यातच सांगून टाकावे. सांगताना निदानाचे नाव घ्यावे, त्यामुळे मुलाला रोजच्या जगण्यात काय जड जाते ते सांगावे, आणि समोरच्याने काय करावे हेही स्पष्ट सांगावे. ‘याला गर्दीचा आवाज सोसत नाही, कान दाबून घेतले की थोडा वेळ बाहेर न्यायचे, रागवायचे नाही’ एवढे एक वाक्य काकांना कळले, तर पुढच्या समारंभात आई-वडिलांना एक जोडीदार मिळतो.

घरातली दोषाची भाषा मात्र लगेच थांबवली पाहिजे. गरोदरपणात ग्रहण पाळले नाही, सुनेच्या माहेरून आले, मोबाइलने असे झाले, ही वाक्ये आईला आतून पोखरतात. डाऊन सिंड्रोममध्ये पेशींत २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते आणि त्याला ग्रहणाशी काहीही देणेघेणे नसते. सेरेब्रल पाल्सीत जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर लवकरच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झालेली असते किंवा त्याची वाढच वेगळी झालेली असते. स्वमग्नता (ऑटिझम) हा आईच्या प्रेमाच्या कमतरतेचा परिणाम नसतो. सुनेने हे सासूबाईंना समजावण्यापेक्षा पुढच्या तपासणीला आजीलाच सोबत नेणे आणि तिचे प्रश्न तिला डॉक्टरांना विचारू देणे अधिक परिणामकारक ठरते. अनेक घरांत त्या एका भेटीनंतर आजीच थेरपीची सर्वांत नेमाने तालीम करून घेणारी व्यक्ती झालेली मी पाहिली आहे.

त्र्यंबकेश्वर आपल्या जवळ असल्यामुळे नाशिककरांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. नारायण नागबळी किंवा कालसर्पशांती करून घ्या, असा सल्ला नातलगांकडून हमखास येतो. श्रद्धा हा ज्या त्या कुटुंबाचा प्रश्न आहे आणि एखादा विधी केल्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना बळ मिळत असेल, तर त्यावर भांडण करू नये. मात्र त्यासाठी कर्ज काढू नये, थेरपीचा एकही आठवडा चुकवू नये, आणि आकडी येणाऱ्या मुलाचे औषध कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. आकडीचे औषध अचानक थांबवल्याने जिवावर बेतू शकते. खात्रीशीर इलाजाच्या जाहिरातींबाबतही तीच दक्षता हवी. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तसा उपचार देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही या नावाखाली लाखो रुपये मागितले जातात आणि घाबरलेले पालक शेतजमीन विकून ते देतात, हे थांबायला हवे.

दुसरी पायरी : निदान पक्के करणे आणि थेरपी सुरू करणे

जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी करतात, आणि शंका आलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. आपल्याकडे त्यासाठी जिल्हा रुग्णालय, म्हणजे त्र्यंबक नाक्याजवळचे सिव्हिल, गाठावे. बालरोगतज्ज्ञ, श्रवण आणि वाचा तपासणी, फिजिओथेरपी, मानसशास्त्रीय चाचणी या सेवा एका छताखाली आणि विनामूल्य मिळाव्यात, ही या केंद्रामागची कल्पना आहे. पथकाची वाट पाहत बसण्याची गरज नाही. पालक मुलाला थेट घेऊन जाऊ शकतात. सुरगाणा, पेठ, कळवण या बाजूच्या कुटुंबांनी आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून संदर्भचिठ्ठी घेऊन यावे, म्हणजे दूरवरून येऊन पहिल्याच खिडकीवर अडकायला होत नाही.

वेळेचे महत्त्व सर्व प्रकारांत आहे, पण ऐकण्याच्या बाबतीत ते सर्वांत कडक आहे. बाळाची श्रवण चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि श्रवणयंत्रासह उपाययोजना सहाव्या महिन्यापर्यंत, असा क्रम जगभर मानला जातो. ‘याचे बाबाही उशिराच बोलले होते’ हे वाक्य ऐकून दोन वर्षे थांबलेल्या मुलाचे नुकसान नंतर भरून काढणे फार अवघड जाते. आवाजाला प्रतिसाद नसेल, नावाने हाक मारल्यावर मूल वळत नसेल, वयाप्रमाणे मान धरणे किंवा बसणे होत नसेल, तर तपासणी त्याच आठवड्यात करावी. अधिक तज्ज्ञ मत हवे असल्यास मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग श्रवण संस्था आणि हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था या दोन्ही केंद्र सरकारच्या आहेत, आणि नाशिकहून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतता येते.

खासगी थेरपी घेताना नोंदणी विचारण्यात संकोच करू नये. विशेष शिक्षक, श्रवणतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे. चांगला थेरपिस्ट पालकाला दाराबाहेर बसवून ठेवत नाही. पाऊण तासातली शेवटची दहा मिनिटे तो आईला किंवा बाबांना हाताने करून दाखवतो, घरी काय करायचे ते लिहून देतो आणि तीन महिन्यांनी काय साधले हे मोजून सांगतो. हे होत नसेल तर केंद्र बदलण्याचा विचार करावा.

तिसरी पायरी : मदत मागण्याची रीत

या पायरीवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सरकारी योजनांची माहिती आज कोणाकडूनही मिळते, पण शेजारच्या काकूंकडे मदत कशी मागावी हे कोणी शिकवत नाही.

‘काही लागले तर सांगा’ असे सगळेच म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. अडचण अशी असते की काय लागते आहे हे थकलेल्या आईला त्या क्षणी सांगता येत नाही आणि समोरच्यालाही आपण नेमके काय करू शकतो हे सुचत नाही. म्हणून एका रविवारी आई-बाबांनी मिळून कागदावर आठवडा मांडावा. कोणत्या दिवशी किती वाजता कोणाची ओढाताण होते ते लिहावे. त्या कागदावर बहुधा चार-पाचच गाठी दिसतात : थेरपीच्या वेळी दुसऱ्या मुलाची शाळा सुटते, औषध आणायला जायला कोणी नसते, रात्री मूल झोपत नसल्याने सकाळचा डबा होत नाही, आईला स्वतःच्या दवाखान्यात जायला वेळच मिळत नाही. यातली एकेक गाठ एकेका माणसाकडे न्यावी आणि वेळ, काम व मुदत सांगूनच मागावे. उदाहरणार्थ :

‘वहिनी, दादाला मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता थेरपीला न्यावे लागते. नेमकी त्याच वेळी छोटीची शाळा सुटते. दिवाळीपर्यंत या दोन दिवशी तिला सहा वाजेपर्यंत तुमच्याकडे ठेवता येईल का? जमण्यासारखे नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरी सोय बघते.’

अशा निरोपाला होकार मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण त्यात ओझ्याचा अंदाज दिलेला आहे आणि नाही म्हणण्याची वाटही मोकळी ठेवली आहे. नकार आला तर नाते तोडू नये. त्याच व्यक्तीला वेगळे, लहानसे काम मागून पाहावे. मुलाला सांभाळण्याची भीती वाटणारा भाऊ सेतू केंद्रातल्या रांगेत आनंदाने उभा राहतो.

ज्यांच्याकडे मूल तास-दोन तास राहणार आहे त्यांच्यासाठी एक पान लिहून फ्रिजवर लावावे. त्यावर मूल भूक, शी-शू, दुखणे कसे दाखवते, घास केवढा द्यायचा, काय दिले तर ठसका लागतो, आकडी आली तर कुशीवर वळवायचे आणि तोंडात काहीही घालायचे नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करायचा, असे सारे सोप्या शब्दांत असावे. पहिल्या दोन वेळा आईने त्याच घरात दुसऱ्या खोलीत बसावे. तिसऱ्या वेळी खाली चक्कर मारून यावी. विश्वास असा पायरीपायरीने बसतो, मुलाचाही आणि काकूंचाही.

वडिलांनी फक्त खर्च आणि गाडी एवढ्यापुरते राहू नये. आठवड्यातून किमान एक थेरपी आणि रोजचे एक काम, मग ते रात्रीचे जेवण भरवणे असो वा सकाळचे व्यायाम, पूर्णपणे त्यांच्याकडे असावे. तसे नसेल तर मूल आईशिवाय कोणाच्याच हातून जेवत नाही आणि आई आजारी पडली की घर थांबते. सातपूर-अंबडला पाळीत काम करणाऱ्या वडिलांना हे कठीण जाते हे मान्य आहे, पण पाळी बदलते त्याप्रमाणे काम बदलून घेता येते.

भावंडांकडे लक्ष देण्याचे राहून जाते. धाकट्या बहिणीला वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षीच दादाबद्दल खरे सांगावे, तिने वर्गात कोणी विचारले तर काय उत्तर द्यायचे याची तयारी करून घ्यावी, आणि तिला दादाची कायमची सांभाळकरीण करू नये. आठवड्यात एक तास केवळ तिचा असावा.

आई-बाबांपैकी कोणालाही झोप लागत नसेल, सतत रडू येत असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर तो उपचाराचा विषय आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते.

चौथी पायरी : पालकांचा गट

दुसऱ्या पालकाकडून जे मिळते ते डॉक्टरांकडून मिळत नाही. कोणत्या दंतवैद्याला आपल्या मुलांची सवय आहे, कोणत्या केशकर्तनालयात दुपारी गर्दी नसते, कमरेला आधार देणारी खुर्ची कोणत्या सुताराकडून बनवून घेता येते, हे ज्ञान पालकांकडेच असते. थेरपी केंद्राच्या बाकावर रोज भेटणाऱ्या पालकांपासून सुरुवात करावी. चार-पाच कुटुंबे पुरेशी आहेत. महिन्यातून एका रविवारी सकाळी, ऊन चढण्याआधी, गोदापार्कसारख्या मोकळ्या जागी मुलांना घेऊन भेटावे, कारण हॉलमध्ये मुले आवाजाने बिथरतात आणि पालकांचे निम्मे लक्ष दारावर राहते.

गट टिकावा म्हणून काही पथ्ये आधीच ठरवावीत. एकमेकांच्या मुलांची तुलना करायची नाही, औषधाचे नाव आणि मात्रा सुचवायची नाही, मुलांचे फोटो परवानगीशिवाय पुढे पाठवायचे नाहीत, आणि कोणी काही विकायला आले तर त्याला गटात जागा द्यायची नाही. एका वर्षाचा अनुभव असलेल्या पालकाने नव्या पालकाबरोबर सिव्हिलला किंवा शाळेत एकदा जावे, असा रिवाज पाडला तर गटाचा खरा उपयोग होतो.

नाशिकमध्ये या कामाची जुनी परंपरा आहे. स्वतःच्या मुलासाठी शाळा शोधताना रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी सुरू केलेले काम प्रबोधिनी ट्रस्टच्या रूपाने वाढले. कर्णबधिर मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे, दृष्टिहीनांसाठी सातपूरला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) या संस्थेचे काम आहे, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुली व स्त्रियांच्या निवासासाठी घरकुल परिवार ही संस्था आहे. आपले मूल तिथे दाखल करायचे नसले तरी या संस्थांतल्या शिक्षकांशी एकदा बोलून यावे. मूल वीस वर्षांचे झाल्यावर आयुष्य कसे असते, हे तिथल्या मोठ्या मुलांना पाहूनच कळते आणि पुष्कळशी भीती तिथेच निवळते.

पाचवी पायरी : प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मान्य केलेली आहे आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगता लागते. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचे स्वतंत्र ओळखपत्र, यांसाठीचा अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर ऑनलाइन करावा लागतो. घरी जमत नसेल तर आपले सरकार केंद्रातून भरून घ्यावा. मुलाचे आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि आजवरचे वैद्यकीय अहवाल जवळ ठेवावेत. अर्जात नाव आधारवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर सारखे लिहावे, कारण पुढे प्रत्येक योजनेत हीच तफावत आडवी येते. त्यानंतर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मालेगावच्या सामान्य रुग्णालयात तपासणी होते. कोणत्या प्रकारच्या तपासणीसाठी कोणता वार आहे हे आधी विचारून, त्याच दिवशी सकाळी लवकर पोहोचावे. रांग मोठी असते. मुलाचा डबा, पाणी, बदलायचे कपडे आणि त्याच्या आवडीचे एखादे खेळणे बरोबर हवे, आणि शक्यतो दोन मोठी माणसे हवीत, एक रांगेत आणि एक मुलाबरोबर.

लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते आणि मूल वाढेल तशी फेरतपासणी होते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाची आठ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावी. टक्केवारी कमी वाटली तर फेरतपासणीसाठी अपील करता येते. कार्ड देशभर चालते.

सर्व कागदांची एकच पारदर्शक खिशांची फाइल करावी. पुढे प्रमाणपत्र आणि कार्ड, मग मुलाचे व पालकांचे आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, मुलाच्या नावाचे बँक पासबुक, आणि मागे तारखेनुसार लावलेले वैद्यकीय अहवाल. मूळ कागद कोणत्याही कार्यालयात देऊन येऊ नये. झेरॉक्स द्यावी, आणि आपल्याजवळच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिला होता हे नंतर सिद्ध करता येत नाही.

सहावी पायरी : अंगणवाडी आणि शाळा

तीन वर्षांचे मूल चालत नाही किंवा बोलत नाही म्हणून त्याला अंगणवाडीपासून दूर ठेवू नये. दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीने काय करावे याची कार्यपद्धती केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली आहे, आणि सेविकाताईंना त्याचे प्रशिक्षण देण्याचे त्यात ठरले आहे. पाडसाला कळप हवा, तसे मुलाला मुलांचा सहवास हवाच असतो.

६ ते १८ वर्षे वयाच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ ने दिला आहे. सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा, या प्रश्नाला सर्व मुलांना लागू पडेल असे एकच उत्तर मी देणार नाही. माझे मत असे आहे की मूल वर्गात बसू शकत असेल आणि शाळा मनापासून तयार असेल तर पहिली पसंती घराजवळच्या शाळेला द्यावी, कारण त्याच गल्लीतली मुले पुढे त्याचे शेजारी होणार असतात. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर नुसते बसवून ठेवले जात असेल, तर मूल जिथे शिकते ती विशेष शाळा कितीतरी बरी.

प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापकांना भेटताना मुलाची बलस्थाने आणि गरजा सांगणारे एक पान द्यावे. मूल काय करू शकते हे आधी लिहावे. त्यानंतर कोणत्या बाकावर बसवावे, स्वच्छतागृहात कोणाची मदत लागेल, सूचना तोंडी द्यावी की चित्राने, हे लिहावे. समग्र शिक्षा अभियानातून समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक नेमलेले असतात. त्यांची भेट तालुक्याच्या गटसाधन केंद्रात किंवा शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागामार्फत होते. शाळेत येणे अशक्य असलेल्या मुलांसाठी घरी येऊन शिकवण्याची, तसेच पात्र मुलांसाठी मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता आणि मुलींसाठी प्रोत्साहन भत्त्याची तरतूद त्याच योजनेत आहे. शाळा स्वतःहून सांगेल याची वाट पाहू नये. विचारावे आणि अर्ज द्यावा.

एखाद्या शाळेने तोंडी नकार दिला तर तो लेखी मागावा. बहुतेक वेळा लेखी मागताच बोलणे मऊ होते. तरीही प्रवेश नाकारला तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्त, या क्रमाने तक्रार करता येते. पालकांच्या गटाने मिळून दिलेले पत्र एकट्याच्या पत्रापेक्षा लवकर वाचले जाते.

दहावी-बारावीच्या सवलती, म्हणजे जादा वेळ, लेखनिक, काही विषयांत पर्याय, शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे मागाव्या लागतात. हे काम नववीतच मुख्याध्यापकांच्या कानावर घालावे. लेखनिकाबरोबर उत्तर सांगण्याचा सराव आधी केलेला नसेल तर मुले परीक्षेत गोंधळतात.

सातवी पायरी : पैशाचा आधार

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आधी वैद्यकीय तपासणीची अट नसते, आणि नेहमीच्या विम्यात न बसणारा थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते. पैसे आधी खर्च करून नंतर परत मिळतात, म्हणून प्रत्येक थेरपीची पावती तारीख, सही आणि शिक्क्यासह घ्यावी. शिक्का नसलेल्या पावत्यांमुळे दावे परत येतात.

उत्पन्न कमी असलेल्या कुटुंबांनी संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कार्यालयात चौकशी करावी. दिव्यांग लाभार्थ्यांसाठीची मासिक रक्कम राज्याने २०२५ मध्ये १५०० वरून २५०० रुपये केली आहे. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात शरणपूर रस्त्यावरील राजीव गांधी भवनात, महापालिकेच्या समाजकल्याण विभागात, या निधीतून चालू वर्षी काय मिळते हे विचारावे. ग्रामसभेत हा प्रश्न दोन-तीन पालकांनी मिळून उभा केला तर निधी पडून राहत नाही.

पगारदार पालकांना १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० डीडीखाली ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगता ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळत आली आहे, पण ती केवळ जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना. केंद्र सरकारी कर्मचारी दिव्यांग मुलाचे मुख्य सांभाळकर्ते असतील तर नेहमीच्या बदलीतून सूट मागू शकतात. ही तरतूद २०१४ पासून आहे. कारखान्यात काम करणाऱ्यांनी भविष्यनिर्वाह निधीच्या नामनिर्देशनात मुलाचे नाव आणि दिव्यांगतेची नोंद आवर्जून करावी, कारण १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत कायमस्वरूपी पूर्णतः दिव्यांग असलेल्या अपत्याला वयाच्या २५ वर्षांनंतरही निवृत्तिवेतन चालू राहण्याची तरतूद आहे आणि कागदोपत्री नोंद नसेल तर ते मिळवताना कुटुंबाची दमछाक होते.

एसटीत ४० टक्क्यांवरील दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या मुलाला आणि त्याच्या सोबत्याला बहुतेक वर्गांत सवलत मिळते. त्यासाठीचे रेल्वेचे ओळखपत्र वेगळे काढावे लागते आणि नाशिक रोड स्थानक भुसावळ विभागात येत असल्याने अर्ज त्या विभागाकडे जातो. श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कॅलिपर अशी साधने केंद्राच्या एडिप योजनेतून मिळतात. शिबिरात मिळालेली खुर्ची मुलाच्या मापाची नसेल तर ती घेऊन येण्याचा मोह टाळावा. चुकीच्या मापाच्या खुर्चीने पाठीचा कणा वाकू शकतो.

आठवी पायरी : १८ वर्षांनंतरची तयारी

मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते आणि आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. कर्णबधिर, दृष्टिहीन किंवा केवळ शारीरिक दिव्यांगता असलेल्या तरुणाला अशा पालकाची गरज नसते. तो स्वतःचे निर्णय स्वतः घेतो आणि तसे घेऊ द्यावेत. वर सांगितलेल्या चार गटांतील ज्यांना मालमत्ता, बँक किंवा उपचारांबाबत निर्णय घेता येत नाहीत, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्यासाठी न्यायालयात जावे लागत नाही.

आई-वडिलांनी आपल्यानंतर कोण, हेही त्याच सुमारास ठरवावे. बहिणीचे किंवा भावाचे नाव गृहीत धरून लिहू नये. त्यांना समोर बसवून विचारावे, त्यांच्या जोडीदाराला विचारावे, आणि मुलाचा खर्च कोणत्या ठेवीतून भागेल हे आकड्यांत दाखवावे. मृत्युपत्रात मुलाच्या वाट्याची व्यवस्था कोण पाहील याचा स्पष्ट उल्लेख असावा आणि ते वकिलाकडून तपासून नोंदवून घ्यावे. पालकत्वाच्या अर्जाला दिव्यांगतेचे प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, पत्त्याचे पुरावे आणि पालक होणाऱ्या व्यक्तीची संमती लागते, म्हणून सतरावे वर्ष लागले की फाइल उघडून प्रमाणपत्राची मुदत तपासावी आणि नूतनीकरण बाकी असेल तर ते आधी करून घ्यावे.